१९७७ चं बॅली पिनबॉल: दिवे लागतात पण गेम सुरूच होत नाही. नाशिकमध्ये घरी दुरुस्त होईल का?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. हा विभाग टीव्ही-अँप्लिफायरवाल्यांचा आहे हे माहितीये, पण पिनबॉलसाठी वेगळा विभाग कुठून असणार, म्हणून इथेच टाकतोय.

देवळाली कॅम्पातला एक जुना बंगला विकला गेला, आतलं सामान भंगाराच्या टेम्पोत चढत होतं आणि त्यात पाय सुटे केलेलं, वर गोधडी टाकलेलं पिनबॉल मशिन होतं. बॅली या अमेरिकन कंपनीचं एट बॉल, १९७७ चं, बिलियर्डच्या थीमवालं. भंगाराच्या भावावर थोडे चढवून उचललं. बायको म्हणाली आपलं फ्रिज बदलायचं ठरलं होतं ना, त्या विषयावर सध्या घरात शांतता आहे.

तर परिस्थिती अशी. काच शाबूत, लाकूड कोरडं, पाय गंजलेत, खेळायच्या फळीवरचा रंग बॉल जिथून सारखा जातो तिथे उडालाय. सोबत एक जडशीळ लोखंडी डबा आला, त्यावर २३०/११० लिहिलंय, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाऊन असणार. त्यावर लावून चालू केलं तर मागचे पिवळे दिवे लागले, फळीवरचे पण काही लागले, घुंईं असा आवाज येतो, बास. स्कोअरचे आकडे काळे, स्टार्टचं बटण दाबलं तर काही नाही, फ्लिपर (बॉल मारायचे दांडे) दोन्ही मेलेले. मागचं डोकं उघडलं तर आत चार-पाच मोठे बोर्ड आहेत, त्यातल्या एकावर बारीक लाल एलईडी सतत जळतोय. त्याच बोर्डच्या खालच्या कोपऱ्यात निळ्या वेष्टनातली बॅटरी आहे आणि तिच्याभोवती हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखं झालंय. आणि एका फ्यूजला कोणीतरी सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलीये!

एका टीव्ही रिपेअरवाल्याला फोटो दाखवले तर तो म्हणे सगळे बोर्ड गेले, आणि हे बोर्ड भारतात मिळणार नाहीत, शोपीस म्हणून ठेवा. मला सोल्डरिंग बऱ्यापैकी येतं, मल्टिमीटर आहे, जुने अँप्लिफायर जिवंत केलेत. सुरुवात कुठून करू? आणि खरंच होण्यासारखं आहे का हे?

तर्री_कमी

भावा आतलं सगळं काढून टाक, एक ४२ इंची टीव्ही झोपवून बसव, जुना पीसी टाक, शेकडो पिनबॉल गेम खेळशील. माझ्या मित्राने केलंय, एकदम भारी दिसतं.

ओझरकर

तर्री_कमी, टीव्हीच झोपवायचा असेल तर सुताराकडून प्लायचा डबा करून घेता येतो, त्यासाठी चांगलं मशिन फाडायची गरज नाही.

गंगापूररोडकर, आधी प्लग काढ. मग पुढचं वाच.

मी ओझरला एचएएलमध्ये एव्हिऑनिक्सला होतो, आता रिटायर. याच पिढीतलं एक पिनबॉल एका क्लबसाठी दुरुस्त केलेलं आहे त्यामुळे हे बोर्ड ओळखीचे आहेत. सगळे बोर्ड गेलेत हे निदान मला पटत नाही. तुझ्या मशिनमध्ये ६८०० प्रोसेसर आहे. चालू केल्यावर तो लाल एलईडी क्षणभर लुकलुकतो आणि मग सात वेळा मिचकतो, प्रत्येक मिचकणं म्हणजे एक तपासणी पास. पहिली रॉमची, मग दोन प्रकारच्या रॅमची, मग दोन पीआयए चिपांची (प्रोसेसरला बाकी मशिनशी जोडणाऱ्या), सहावी टायमरची, सातवी ४३ व्होल्टच्या लाइनची. सातही झाल्या की गेम उभा राहतो. तुझा एलईडी नुसता जळत राहिलाय, म्हणजे प्रोसेसर जागाच झालेला नाही. डिस्प्ले नाही, बटण नाही, आवाज नाही, ही सगळी त्या एकाच गोष्टीची पिल्लं आहेत. फ्लिपरचं तर सोडच, गेम सुरू झाल्याशिवाय ड्रायव्हर बोर्डवरचा रिले त्यांना वीजच देत नाही, तो बिघाडच नाही.

आणि प्रोसेसर का जागा होत नाही ते तू स्वतःच लिहिलंयस. ती निळी बॅटरी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम असते, हाय स्कोअर आणि हिशेब लक्षात ठेवायला. ती फुटली की आतला क्षार बाहेर येतो आणि तांब्याचे ट्रॅक खातो, आणि प्रोसेसरला उठवणारं रिसेट सर्किट नेमकं तिच्या शेजारी. आज रात्री दुसरं काही करू नकोस, फक्त ती बॅटरी कापून काढ. तिच्याशिवाय मशिन व्यवस्थित चालतं, फक्त हाय स्कोअर विसरतं. हातमोजे घाल, ती पावडर फुंकरीने उडवू नकोस, कॅडमियम आहे त्यात. बॅटरी घंटागाडीत नाही, ई-कचऱ्यात.

त्यानंतर बोर्डाला हात न लावता आधी पॉवर. ट्रान्सफॉर्मरवर जो रेक्टिफायर बोर्ड आहे तिथून बाकीच्या बोर्डांकडे जाणारे कनेक्टर सगळे काढ (काढण्याआधी फोटो, आणि प्रत्येकाला चिठ्ठी). चांदीवाला फ्यूज फेक. बाकीचे फ्यूजही विश्वासाने ठेवू नकोस, प्रत्येक जागी किती अँपिअरचा हवा ते छापलेलं असतं नाहीतर स्किमॅटिकमध्ये (सर्किटच्या नकाशात) असतं, तेवढ्याचाच टाक. कनेक्टर काढलेल्या अवस्थेत चालू करून मोज: कॉइलसाठी (फ्लिपर वगैरे हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या) ४३ व्होल्ट डीसी, लॉजिकसाठी १२ च्या आसपास, दिव्यांसाठी ६ च्या आसपास, आणि डिस्प्लेसाठी एक लाइन २३० व्होल्ट डीसी. ही शेवटची लक्षात ठेव. पुढे तिचे १९० होतात. डीसी आहे, कपॅसिटरमध्ये बसून राहते, बंद केल्यावरही लगेच बोट घालू नकोस. मोजताना एक हात खिशात.

अजून एक. स्टेपडाऊन काढून थेट लावून बघू असा विचार मनात आला असेल तर आत्ताच काढून टाक. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला बरेच लग (वायर जोडायची टोकं) असतात, जंपर कुठे जोडलेत त्यावर ११५ का २२० ते ठरतं. स्किमॅटिकशी जुळवल्याशिवाय नाही. आणि थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन जागेवर आहे का बघ, कोणीतरी कापलेली असते. लेगबोल्टपासून अर्थपर्यंत मल्टिमीटरचा बीप वाजला पाहिजे.

सातपूर_रिवाइंडिंग

काकांनी सगळं बरोबर सांगितलंय, माझी भर एवढीच की पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्बवर करा. आमच्याकडे मोटर आली की आधी सिरीजलाच लागते. २०० वॉटचा साधा बल्ब (एलईडी नाही हो, तारेचा) लाइनमध्ये सिरीजला, आणि मग स्टेपडाऊन. सुरुवातीला भपकन पेटून मंद झाला तर ठीक, फुल पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, फ्यूज वाचला आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर पण वाचला. फक्त बल्ब असताना व्होल्टेज कमी दिसणार, त्यामुळे मोजमाप बल्ब काढून.

सटाण्याचा_राजा

हे जुगाराचं मशिन नाही का? घरी ठेवलं तर काही लफडं नाही ना होणार?

पासोड्याचा_पांथस्थ

@सटाण्याचा_राजा नाही हो, यातून पैसे बाहेर येत नाहीत. पण शंका अगदीच हवेतली नाही, न्यूयॉर्कमध्ये याच कारणाने १९४० च्या दशकापासून बंदी होती, ती १९७६ ला उठली. त्या कमिटीपुढे एका माणसाने मशिनवर आधी सांगून बरोबर तिथेच बॉल घालून दाखवला, की बाबांनो यात कौशल्य आहे. फ्लिपर आले १९४७ ला, त्याआधी नुसता बॉल सोडायचा आणि देवाचं नाव घ्यायचं.

मूळ विषयावर: मी पुण्याचा, माझ्याकडे याच्या आधीच्या पिढीतलं इलेक्ट्रोमेकॅनिकल आहे, त्यात बोर्ड नाहीत नुसते रिले आणि पत्तीचे स्विच, त्यामुळे कॉम्प्युटरचं ज्ञान माझं शून्य. पण बॅटरीच्या गळतीवर एक सांगतो, सगळे खायचा सोडा लावायला सांगतील. सोडा गाडीच्या बॅटरीला, कारण तिच्यात ॲसिड. ही क्षाराची, हिला आंबट लागतं. पांढरं व्हिनेगर, चायनीजच्या गाडीवर असतं तेच, निम्मं पाणी घालून जुन्या टूथब्रशने. फेस येईल, येऊ द्या. मग इन्व्हर्टरमध्ये घालतो त्या डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. पावसाळ्यात दोन दिवस द्या.

आणि गंज काढायचा स्प्रे कुठेही मारू नका. कुठेही म्हणजे कुठेही. कॉइलमध्ये तेल गेलं की धूळ धरून चिखल होतो आणि प्लंजर (कॉइलमध्ये सरकणारा लोखंडी दांडा) अडकतो. पिनबॉलमध्ये बहुतेक सगळं कोरडंच चालतं.

गंगापूररोडकर

खूप खूप धन्यवाद, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

अपडेट. बॅटरी काढली. खालचा हिरवा मुखवटा (सोल्डर मास्क) नखाने खरवडला तरी निघत होता, त्याखाली ट्रॅक काळे. अर्थिंगची पिन काकांनी म्हटल्याप्रमाणे खरंच कापलेली होती, नवीन वायर आणि नवा प्लग लावला, लेगबोल्टला बीप येतो. शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून सिरीज बोर्ड आणला, बल्ब भपकन पेटून मंद झाला. ट्रान्सफॉर्मरचे जंपर स्किमॅटिकशी जुळवले, ११५ वरच जोडलेलं आहे, तर स्टेपडाऊन ठेवतोय.

कनेक्टर काढून मोजलं: १२ वाली आहे, दिव्यांची आहे, २३० डीसी आहे (हात खिशात होता), ४३ वाली पण आहे, म्हणजे मला ४५ दिसतंय पण लोड नाही म्हणून असेल ना?

आता त्या बोर्डचं नेमकं काय करू? बॅटरीच्या शेजारचे रेझिस्टर हिरवे झालेत, दोन ट्रान्झिस्टरचे पाय हलवले तर तुटतील असं वाटतंय. खालच्या कनेक्टरच्या पिना पण काळ्या.

ओझरकर

४५ चालेल, लोड नाही म्हणूनच.

आता बोर्ड. व्हिनेगर-पाणी-अल्कोहोल झालं की त्या कोपऱ्यातले सगळे सुटे भाग काढ. दोन-तीन ट्रान्झिस्टर, एक ८.२ व्होल्टचा झेनर, रेझिस्टर, आणि खालच्या कनेक्टरची हेडर पिनांची पट्टी. हा चांगला दिसतोय म्हणून राहू दे असं करू नकोस, आतून पाय गेलेला असतो. सगळं मिळून दोन प्लेट भजीचा खर्च आहे. भाग काढताना सोल्डर धरणार नाही कारण ते क्षाराने मेलेलं असतं, त्यावर आधी नवं सोल्डर आणि फ्लक्स घाल, मग पंपाने ओढ. घाई केलीस की पॅड उचलला जातो.

मग बारीक पॉलिश पेपरने ट्रॅक तांब्याचा लाल रंग दिसेपर्यंत घास. मास्क लावून, ओलं करून. काळ्या तांब्यावर सोल्डर बसत नाही. घासून झालं की प्रत्येक ट्रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत बीप करून बघ, जिथे तुटलाय तिथे पातळ वायर टाक. हिरव्या झालेल्या आयसी सॉकेट असतील तर त्याही बदल.

ड्रायव्हर बोर्डवर ५ व्होल्टचा रेग्युलेटर आहे, धातूच्या टोपीसारखा, एलएम३२३के, आणि त्याच्या मागे एक मोठा कपॅसिटर. तो मूळचा असेल तर बदल, १२,००० ते १५,००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा. तो सुकला की ५ व्होल्ट मीटरवर ५ दिसतात पण त्यात लाटा असतात आणि प्रोसेसर वेड्यासारखं करतो. सगळ्या बोर्डांच्या हेडर पिनांचं मागचं सोल्डर भिंगाने बघ, पिनेभोवती बारीक गोल चीर दिसेल, तिथे पुन्हा गरम करून सोल्डर दे.

५ व्होल्ट आधी प्रोसेसर बोर्ड न लावता मोज. ४.९ ते ५.२ मध्ये असेल तरच पुढे. मग बाकी कनेक्टर काढलेले ठेवून फक्त पॉवरचा खालचा कनेक्टर लाव आणि एलईडी किती वेळा मिचकतो ते मोज.

तर्री_कमी

दोन प्लेट भजी 😂 काका मिसळीचा खर्च सांगा, नाशिकचे आहात ना

गंगापूररोडकर

मंडळी!! एलईडी मिचकला!!

थोडक्यात सांगतो. सुटे भाग एमजी रोडला अर्धे मिळाले, उरलेले आणि मोठा कपॅसिटर मुंबईला जाणाऱ्या मित्राने लॅमिंग्टन रोडवरून आणले. बोर्डवर तीन ठिकाणी ट्रॅक पूर्ण खाल्लेला होता, वायर टाकल्या, दिसायला अगदी झोपडपट्टीतल्या आकड्यांसारखं झालंय पण बीप सगळीकडे येतो. ५ व्होल्ट ५.०४.

आता चालू केलं की एलईडी लुकलुकतो, थांबतो, मग एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि सहावर थांबतो. सातवा येत नाही. मी व्हिडिओ काढून स्लो करून बघितलं, सहाच आहेत.

आता ही सातवी म्हणजे ४३ व्होल्टची ना? पण ते तर आहेत, मी मोजलेत!

ओझरकर

शाब्बास. सहा आले म्हणजे रॉम, रॅम, पीआयए, टायमर सगळं जिवंत आहे. त्या टीव्हीवाल्याने मेलेले ठरवलेले तेच बोर्ड.

सातवा न येणं म्हणजे बोर्डपर्यंत ४३ पोचत नाहीत. मशिन त्या लाइनवरून एसीचं झीरो क्रॉसिंग (एसी शून्यातून जातो तो क्षण) ओळखतं. तू मोजलेस कुठे? फ्यूजच्या आधी का नंतर? फ्यूजच्या दोन्ही टोकांना नको मोजूस, फ्यूज ज्या क्लिपमध्ये बसलाय त्या क्लिपच्या सोल्डरवर मोज, दोन्ही बाजूला. मग बोर्डच्या पिनेवर. जिथे गायब होतात तिथे बिघाड.

सातपूर_रिवाइंडिंग

माझा अंदाज क्लिप. चांदी गुंडाळलेला फ्यूज याच जागी होता का? तसं असेल तर तिथून भरपूर करंट गेलाय, क्लिप तापून ढिली पडली असणार. फ्यूज बाहेर काढून मीटरवर चांगलाच दाखवतो आणि आत बसवला की धरत नाही, आमच्या पॅनलमध्ये रोजचं आहे.

गंगापूररोडकर

सातपूर भाऊ, तुम्ही न बघता सांगितलंत! चांदीवाला फ्यूज तिथलाच. फ्यूज चांगला, क्लिपच्या एका बाजूला ४४, दुसऱ्या बाजूला कधी ४४ कधी शून्य, फ्यूज बोटाने हलवला की बदलतं (लाकडी काडीने हलवला, बोटाने नाही काका). क्लिप चॉकलेटी झाली होती. दोन्ही क्लिप नवीन टाकल्या.

सात. सातही मिचकले, आणि डिस्प्ले लागले. नारिंगी आकडे. एका डिस्प्लेचा एक आकडा अर्धवट दिसतो ते नंतर बघू. स्टार्ट दाबलं तर बॉल बाहेर फेकला गेला आणि बॉल कुठे लागला की घंट्या वाजतात, खऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, स्पीकर नाही. मुलगा शाळेत जायला तयार नाही.

आता नवीन दुखणं. उजवा फ्लिपर ठणठणीत, डावा एकदम मरतुकडा, बॉल अर्ध्यापर्यंत पण जात नाही. आणि बटण दाबून धरलं तर दहा-पंधरा सेकंदात कॉइल हाताला चटका बसेल इतकी तापते. दोन्ही एकाच वेळी कसं? कमी ताकद आणि जास्त गरम? कॉइलवर एक्यू-२५-५००/३४-४५०० असं लिहिलंय, नवीन कॉइल मागवू का बाहेरून?

सातपूर_रिवाइंडिंग

थांबा, मागवू नका. आता माझा विषय आला.

त्या नंबरमध्येच सगळं लिहिलेलं आहे. एका कॉइलमध्ये दोन वाइंडिंग आहेत. एक २५ गेजच्या तारेचे ५०० वेढे, हे जाड, मारणारं. दुसरं ३४ गेजचे ४५०० वेढे, हे बारीक, धरून ठेवणारं. जाड वाइंडिंग ४ ओहमच्या आसपास असतं, म्हणजे ४३ व्होल्टला दहा अँपिअरच्या आसपास करंट. एवढा करंट क्षणभरच चालतो. म्हणून फ्लिपरच्या मागे एक पत्तीचा स्विच असतो, त्याला ईओएस म्हणतात, तो एरवी बंद, म्हणजे बारीक वाइंडिंगला वळसा घालून सगळा करंट जाडातून. फ्लिपर पूर्ण वर गेला की तो उघडतो आणि दोन्ही वाइंडिंग सिरीजमध्ये येतात, करंट एकदम कमी होतो, फ्लिपर धरलेला राहतो, कॉइल थंड.

आता तुमचं. ईओएसचे पॉइंट जळून काळे झाले असतील तर सुरुवातीलाच करंट कमी, म्हणून मरतुकडा. पण मग तापायला नको. तापतंय म्हणजे वर गेल्यावर तो उघडत नाहीये. दोन्ही एकदम व्हायचं कारण बहुतेक वेळा मेकॅनिकल असतं, प्लंजर अडकतोय, फ्लिपर पूर्ण वर जातच नाही, म्हणून ईओएस उघडतच नाही आणि कॉइल मारतच राहते. मशिन बंद करून फळी उचला आणि प्लंजर हाताने हलवा, उजव्याशी तुलना करा.

पासोड्याचा_पांथस्थ

+१. कॉइल स्टॉपवर (प्लंजर जिथे येऊन थांबतो तो तुकडा) आपटून आपटून प्लंजरचं टोक छत्रीसारखं पसरतं आणि नळीत घासतं. आतली नायलॉनची नळी (स्लीव्ह) पण बघा, वितळलेली असेल. ईओएसचे पॉइंट टंगस्टनचे असतात, स्कूटरच्या सीबी पॉइंटसारखे, त्यांना बारीक कानस चालते. पण खेळायच्या फळीवरच्या बाकी स्विचना कानस लावायची नाही, त्यावर पातळ मुलामा असतो. तिथे व्हिजिटिंग कार्ड अल्कोहोलमध्ये बुडवून पॉइंटमधून ओढायचं, बास.

गंगापूररोडकर

प्लंजर काढताना हातोडीच्या दांड्याने हळूच ठोकावं लागलं, एवढा अडकला होता. टोक खरंच पसरलंय आणि नळी एका बाजूने काळी. तेलाचा चिखल पण निघाला, आधीच्या कोणीतरी तेल घातलं असणार. अंबडला ओळखीच्या लेथवाल्याने प्लंजरचं टोक छाटून दिलं आणि नळी टेफ्लॉनची करून दिली, कॉइल स्टॉप पण बदलायला लागेल म्हणाला. कॉइल मोजली तर जाड वाइंडिंग ३.९, उजव्याचं ४.१.

बसवलं, ईओएस घासला, गॅप उजव्यासारखी ठेवली. बॉल थेट वरपर्यंत जातोय, धरून ठेवलं तर कॉइल कोमट.

सातपूर_रिवाइंडिंग

मस्त. प्लंजर लेथवर घेतलाय म्हणजे लांबी थोडी कमी झाली, ईओएस पूर्ण स्ट्रोकच्या शेवटीच उघडतोय ना परत एकदा बघा, आधी उघडला तर ताकद जाईल. आणि पुढेमागे कॉइल जळलीच तर आणा इकडे, गुंडाळून देऊ. फक्त कोणाकडेही द्याल तर गेज सांगताना सांभाळा, तो नंबर अमेरिकन एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं माप) आहे, आपल्याकडे दुकानात एसडब्ल्यूजी चालतो. २५ म्हणजे ०.४५ मिमी आणि ३४ म्हणजे ०.१६ मिमी, असं मिमीमध्येच सांगा. आणि कॉइलवरचे डायोड, १एन४००७, पट्टीवाली बाजू प्लसकडे. उलटा लागला की ड्रायव्हरवाले काका परत दिवसभर शिव्या देतील.

ओझरकर

शिव्या देत नाही, पण डायोड बघूनच लाव.

दरवाजाच्या आत सेल्फ टेस्टचं बटण आहे ते दाबत जा. आधी सगळे दिवे, मग डिस्प्लेचे आकडे, मग एकेक कॉइल मारते, शेवटी अडकलेल्या स्विचचा नंबर दाखवते. तुझा अर्धवट आकडा तिथे नीट कळेल, तो बहुतेक डिस्प्लेच्या बोर्डवरच्या पिनांचं सोल्डर असेल. पण तिथे १९० व्होल्ट आहेत, बंद करून, प्लग काढून, थांबून मग हात.

हाय स्कोअर ठेवायचा असेल तर त्या जागी परत निकेल-कॅडमियम लावू नकोस. ५.५ व्होल्टचा १ फॅरडचा सुपरकपॅसिटर बसव. साधे पेन्सिल सेल लावायचे असतील तर लांब वायरवर, बोर्डपासून दूर, आणि मध्ये डायोड घाल, कारण ते सर्किट बॅटरी चार्ज करतं आणि साधा सेल चार्ज केला की तो पण गळतो.

दिवे जिथे गेलेत तिथे ६.३ व्होल्टचे लहान बायोनेट लागतील, बीए९एस. पॅनलच्या इंडिकेटरला हाच होल्डर असतो, सातपूर-अंबडच्या कुठल्याही पॅनलवाल्याकडे मिळेल, फक्त २४ व्होल्टचा आणू नकोस.

गंगापूररोडकर

सुपरकपॅसिटर ऑर्डर केला. सेल्फ टेस्टमध्ये १७ नंबरचा स्विच अडकलाय असं दाखवलं, एक पत्ती वाकली होती, सरळ केली.

शेवटचे दोन प्रश्न. बॉलवर खड्डे पडलेत, तो कुठे मिळेल? आणि फळीला काय लावू, मुलाने कॅरमची पावडर टाकूया म्हणून डबा आणून ठेवलाय.

पासोड्याचा_पांथस्थ

पावडर नाही!! ती सगळी खाली स्विचमध्ये जाऊन बसेल आणि तुम्ही परत इथे याल. मुलाला सांगा कॅरम वेगळा, हे वेगळं. कारनॉबा मेणाचं गाडीचं पेस्ट वॅक्स, ज्यात घासणारा पॉलिश नाही असं, पातळ थर, सुती फडक्याने. रंग उडालेल्या जागी पाणी लावू नका, लाकूड फुगतं.

सातपूर_रिवाइंडिंग

बॉल बेअरिंगवाल्याकडे मागा. १ १/१६ इंच, म्हणजे २७ मिमी, बेअरिंगचा स्टँडर्ड साइज आहे. वजन ८० ग्रॅमच्या आसपास. सुटा देत नाहीत कधीकधी, चार घ्या, खड्डे पडलेला परत वापरू नका, तो फळी खरवडतो. रबर रिंगा पण मोजून घेऊन या, ओ-रिंगवाला शेजारीच आहे, पण फ्लिपरची मात्र खरी पिनबॉलचीच मागवा, ओ-रिंग तिथे कडक पडते.